मिठाच्या पाण्यातलं बी

बोलण्यात आपल्याला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं केडगावच्या विजयमालाचं स्वतःबद्दल स्वच्छ मत होतं. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात राहुरीच्या कृषी महाविद्यालयातली मुलं शेतकऱ्यांना सुधारित शेती दाखवायला गावोगाव निघाली, त्यात ही एकटी मुलगी. सरांनी बजावलं होतं, "शुक्रवारी मी येईन. एका तरी घरानं बाजरीचं बी मिठाच्या पाण्यातून काढलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर सामान उचल आणि उरलेली सुट्टी कार्यालयात बस."

"एक घर काय सर, गल्ली दाखवते," विजयमाला म्हणाली.

पारनेर तालुक्यातल्या त्या गावात ती आप्पासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या घरी उतरली आणि रोज संध्याकाळी चावडीपुढं भाषणं ठोकू लागली. गडीमाणसं माना डोलवत, "व्हय ताई, बराबर हाय ताई" म्हणत, चहा पाजत. बी मात्र कुणी आणीना. गुरुवार उजाडला तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बी या गड्यांच्या हातात होतंच कुठं? कणसं निवडायची, दाणे राखेत कालवून कणगीत भरायचे, पेरणीला काढून द्यायचे, सगळा कारभार बायकांचा. आणि या घरात तो आप्पासाहेबांच्या आईचा, झुंबरबाईचा. कणगीला तिनं सख्ख्या नवऱ्यालाही कधी हात लावू दिला नव्हता.

"बियाला मीठ?" झुंबरबाई कडाडली. "मिठानं रान खारवतं पोरी! तुज्या कालिजात येवढं बी शिकवत न्हाईत व्हय?"

"नंतर चांगल्या पाण्यानं धुवायचं असतं, मावशी. बरं, बी नका देऊ. दळणातले परातभर दाणे द्या. वाईट काही निघालं नाही, तर आजच्या एस.टी.नं मी परत जाते."

"परात कशाला? घंगाळ घे," म्हातारी म्हणाली. पैज म्हटली की तिच्या अंगात बळ यायचं.

पाणी घेऊन सून आली, आप्पासाहेबांची बायको भीमा. ती घरात आहे हेही जाणवू नये इतकी गप्प. त्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गेल्या दसऱ्यानंतर नवी बाजरी घरात आली आणि भीमाला उलट्या सुरू झाल्या, चक्कर येऊ लागली. लग्नाला पाच वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. झुंबरबाईला हर्ष मावेना. सुनेला धड न विचारताच तिनं घरोघर गूळ वाटला. पुढं उलट्या कमी झाल्या, पोट काही दिसेना आणि म्हातारीची फजिती झाली. "सोंग केलं माज्या सुनंनं," असं ती बायकांत बोलून मोकळी झाली. भीमाची मान खाली गेली ती गेलीच.

विजयमालानं पाण्यात खडेमीठ विरघळवलं, दाणे ओतले, ढवळलं. निकोप दाणे तळाला बसले. वर आले पोचट दाणे, आणि त्यांच्यात उंदराच्या लेंड्यांसारखे काळपट, लांबट तुकडे.

"हा अरगट. कणसावर मधासारखा चिकटा येतो ना, तोच पुढं असा होतो. पेरला तर रोग पुन्हा येतो. भाकरीतून पोटात गेला तर उलट्या, चक्कर, गुंगी."

भीमानं हातातली कळशी खाली ठेवली.

"आमी पाखडून दळतो," झुंबरबाई म्हणाली, पण आवाज उतरला होता. "आमाला कुनाला काय झालं न्हाई."

"मग पाखडून उरतं ते कोण खातं?" विजयमालानं विचारलं. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं.

"मी," भीमा म्हणाली.

पाखडीतले दाणे वेगळे दळायचे आणि त्यांची भाकरी सुनेनं खायची, ही शिस्त झुंबरबाईचीच. म्हातारी उठली आणि तडक बाहेर गेली. संपलं, आता एस.टी. गाठावी, असं विजयमालाला वाटलं. तिला रडू यायचंच बाकी होतं.

झुंबरबाई परतली ती साळूबाई, राहीबाई, चांगुणा, सगळ्यांना घेऊन. ज्यांच्या ज्यांच्या दारी गूळ गेला होता, त्या सगळ्या.

"बघा," तिनं घंगाळाकडं बोट केलं. "ह्येच माज्या सुनंच्या पोटात गेल्तं. मीच घातलं. आन सोंग केलं म्हनून वर मीच तिचं नाव खराब केलं. गूळ दारोदार वाटला हुता, तर ह्ये बी समद्यांम्होरंच सांगते. चूक माजी हाय."

भीमानं पदरानं तोंड पुसलं आणि घंगाळात वाकून पाहिलं.

"आत्याबाई, समद्यांच्या बियाला येवढं मीठ पुरायचं न्हाई."

बायका मीठ आणायला घरोघर पांगल्या.

शुक्रवारी सर आले तेव्हा गल्लीभर सावलीला पोत्यांवर धुतलेलं बी वाळत होतं. हे कसं साधलं, असं त्यांनी विचारलं. विजयमालानं घसा खाकरला, तोच झुंबरबाईनं तिला दटावलं.

"तू गप पोरी. सायेब, माज्या सुनंला इचारा. तिच्या जिवावर बेतलंय, ती खरं सांगंल."

भीमा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मला दिवस गेले न्हवते, सायेब. मला ह्ये दानं बाधलं हुतं."