दुपारची हाक

जन्मभर मी लोकांचे अर्ज लिहिले. जयेंद्रगंजात संस्थानच्या कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली माझी गादी असे. ज्याला आपलं दुःख धड सांगता येत नसे तो माझ्यापाशी येई आणि दरबारला कळेल अशा भाषेत ते मांडून घेऊन जाई. कोणत्या वाक्याने हाकिमाची लेखणी हलते हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि त्या विद्येचा मला माजही होता.

आमच्या घरी वैश्वदेव झाला की कर्त्याने दारात जाऊन ‘कोणी अतिथी आहे का?’ अशी हाक मारायची, क्षणभर थांबायचं आणि मग पानावर बसायचं. पणजोबांनी ही रीत दख्खनेतून बरोबर आणली. मी ती नुसती उरकत असे. बायको गेली त्या वर्षी माझ्या मुलाने, भालचंद्राने, ती माझ्याकडून काढून घेतली. तेवीस वर्षांचा होता, कॉलेज अर्धवट टाकून घरी बसलेला. दिवस दिवस बोलत नसे, अंघोळीसाठी आर्जवं करावी लागत. पण दुपारी मात्र उत्साहाने दारात जाई, हाक मारी, कोणाला तरी वाट करून देत आत येई आणि आपल्याशेजारी पाट मांडी.

“बाबा, जरा सरका ना, ते उभेच आहेत,” म्हणे.

त्या रिकाम्या पाटापुढे पान वाढावं लागे, आणि जेवणं होईतो ते रिकामं झालेलं असे. भालचंद्रच तेही खातो असं मी धरून चाललो होतो. माझी धाकटी शरयू वाढायला असे. ती एकदा म्हणाली, “दादा आपल्या पानावरून हलतच नाही, बाबा.” मी तिला दटावलं. एकाचं खूळ पुरे होतं. भालचंद्राचं पान ओळखू येई, कारण लहानपणापासून पिळलेली लिंबाची फोड तो पानाच्या कडेला पालथी घाली; होडी बुडाली, म्हणे. शेजारच्या पानावर फोड उताणीच पडलेली असे.

शरयूला पाहायला झाशीची मंडळी आली, तेव्हा भालचंद्राने मुलाच्या वडिलांना हाताला धरून पाटावरून उठवलं. तिथे ते बसलेत, म्हणाला. मंडळी न जेवता गेली. मध्यस्थ निरोप घेऊन आला : तुमचा मुलगा घरात आहे तोवर कठीण आहे.

पांडुरंगराव वकील माझे जुने स्नेही. त्यांनी कायदा उलगडून सांगितला. “पोराला घरी ठेवा आणि सांभाळाचा जिम्मा लिहून द्या, हा एक मार्ग. तो वेडा आहे असं कोर्टाकडून ठरवून त्याचे पालक व्हा, हा दुसरा. पण तेव्हाही तो राहणार तुमच्याच घरी. वेड्यांच्या दवाखान्यात पाठवायचं तर कोणाच्या जिवाला धोका दाखवावा लागतो. निरुपद्रवी वेड्याला दरबार जागा देत नाही, अप्पा.”

धोका नव्हता. भालचंद्राने आयुष्यात मुंगी मारली नव्हती. पण सुपारी कातरताना अडकित्त्याने माझा अंगठा कापला होता, आणि ती जखम अजून ओली होती. मी अर्ज लिहिला. तो माझ्या हातचा सर्वांत चांगला अर्ज होता, हे आजही कबूल करावं लागतं.

हाकिमांनी जखम पाहिली, माझी शपथ घेतली आणि भालचंद्राला विचारलं, “तुमने पिताजी पर हाथ उठाया था?”

त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “बाबांनी लिहिलंय तर उठवला असेल. बाबा खोटं लिहीत नाहीत.”

हाकिमांची लेखणी हलली. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही.

टांग्यात बसताना भालचंद्र एवढंच म्हणाला, “दुपारची हाक चुकवू नका, बाबा. हाक मारली नाही तर ते उपाशी राहतात.”

मार्गशीर्षात शरयूचं लग्न झालं. ती झाशीला गेली आणि मी एकटा उरलो. एकट्याने वरणभात उकडायचा, गिळायचा आणि दार लावून पडायचं. हाक मारायची मला लाज वाटे. अखेर वसंतपंचमीच्या सकाळी पांडुरंगरावांकडे गेलो. म्हटलं, माझा मुलगा मला परत हवा.

“शपथेवर लिहिलंत ना? खरं होतं म्हणालात तर तो आत राहील. खोटं होतं म्हणालात तर तुम्ही आत जाल,” ते म्हणाले. “बोला, काय लिहू?”

मी घाबरलो. विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी आलो. त्या दुपारी मात्र राहवलं नाही. दारात जाऊन हाक मारली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेजारी पाट मांडला, पान वाढलं आणि पाणी आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा पान स्वच्छ होतं.

कडेला लिंबाची फोड पालथी होती.

मी त्या फोडीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही हाक मारली, तिसऱ्याही. पांडुरंगरावांकडे जायचं मी पुढे ढकलू लागलो. पोर दुपारचं तरी घरी जेवतं, अशी मनाची समजूत घातली. इतका मी भित्रा.

पंधरवड्याने दवाखान्याचं पत्र आलं. रोगी वसंतपंचमीपासून दुपारचं अन्न घेत नाही, घरी जेवून आलो म्हणतो. कोठडीला कुलूप असतं. वजन मात्र घटलेलं नाही, उलट दोन शेर वाढलं आहे. घरून कोणी चोरून काही पोचवत असल्यास त्याचा लेखी खुलासा करावा. खाली कारकुनाने रोग्याचा निरोप उतरवला होता : वडिलांना आणखी एक पाट मांडायला सांगावे, एका पाटावर आम्हा दोघांची दाटी होते.

खुलासा लिहायला बसलो. कागदावर ‘अर्जदार’ एवढंच उमटलं, पुढचं वाक्य सुचेना. तोवर जेवणाची वेळ झाली. मी दारात जाऊन हाक मारली. घरात दोनच पाट उरले होते, बाकीचे शरयूबरोबर गेलेले. मी माझा उचलला, दुसऱ्याच्या शेजारी मांडला आणि उभ्यानेच वाढायला लागलो.