उठता-बसता ताई

खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत तो मेल बनवायचा. आठवड्याला दोन मेल, चाळीस हजार माणसांना. बहुतेक लोक ते न उघडताच उडवतात हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचं त्याला काही वाटेनासंही झालं होतं. मग मॅडमनी फर्मान काढलं, "यापुढे मेलमध्ये हलतं चित्र पाहिजे. जिफ. बघणाऱ्याचा अंगठा जागीच थांबला पाहिजे."

नवी आरामखुर्ची विकायची होती. मॉडेल शोधायला वेळ नव्हता. याला ताई आठवली. अडलं की त्याला ताईच आठवायची. एरवी साधा फोनसुद्धा नाही.

ताई शाळेच्या ऑफिसात कारकून होती. उजवा गुडघा कामातून गेलेला. तो कशानं गेला हे दोघांनाही माहीत होतं, बोलत कोणीच नव्हतं. आई तीन वर्षं अंथरुणाला खिळली होती, आणि तिला उचलणं, बसवणं, कुशीवर वळवणं ताईनं एकटीनं केलं. हा तेव्हा दुसऱ्या शहरात मोठा माणूस होत होता.

खुर्ची ताईच्याच खोलीत नेली, खिडकीशी मांडली. ताईनं ठेवणीतला निळा कुर्ता घातला.

"अरे, मी काय नटी आहे का?"

"नटीला काय सोनं लागलंय? बसायचं, उठायचं, हसायचं."

"बसते. हसते. उठायचं तेवढं सांगू नकोस बाबा."

"एकदाच गं."

ती बसली. मग दोन्ही हात रेटून, ओठ आवळून, तोंड वेडंवाकडं करत अर्धी उठली आणि गुडघ्यानं दगा दिल्यावर धपकन मागे पडली. आणि हसली. अशी हसली की याच्या हातातला मोबाइल हलायला लागला.

"मेल्या, ते पडलेलं घेऊ नकोस हं!"

"हसणं तेवढं घेतो," तो म्हणाला. शब्द दिला म्हणा ना.

"आणि मला शाळेतल्या मेलवर पाठव. सगळ्यांना दाखवीन."

ऑफिसात जिफ जड झाली. मेलमधलं चित्र हलकं लागतं, नाहीतर लोकांच्या मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरत बसतं. म्हणून फ्रेम कापाव्या लागतात. हसायला फ्रेम फार लागतात. डोळे हलतात, गाल हलतात, केससुद्धा हलतात. पडायला सात-आठ पुरतात. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"थांब! हेच ठेव. उठते, पडते, उठते, पडते. झकास! खाली लिही, 'उठवतच नाही!'"

"मॅडम, ती माझी बहीण आहे. तिचा गुडघा..."

"बहीण? मग परवानगीची कटकटच मिटली."

तो नाही म्हणू शकला असता. नोकरी जात नव्हती, डोक्याला कोणी बंदूक लावली नव्हती. साधं 'नाही' म्हणायचं होतं. त्यानं हसण्याच्या फ्रेम निवडून एक बटण दाबलं, आणि त्या जिफमधून पुसल्या गेल्या.

मंगळवारी दहाला मेल गेला. क्लिक दुप्पट झाले. ऑफिसात टाळ्या पडल्या आणि यानं त्या घेतल्यासुद्धा, लाज वाटायच्या आधी.

साडेअकराला ताईचा फोन.

"अरे, हे हलत नाहीये."

"काय?"

"तू हलतं चित्र म्हणाला होतास ना? मी सगळ्यांना बोलावलंय. मुख्याध्यापिका बाई उभ्या आहेत, शिपाई उभा आहे. केव्हापासून वाट बघतोय." मग आवाज खाली आला. "मी नुसती अर्धी उठलेय रे. तोंड वाकडं करून."

काही जुन्या कॉम्प्युटरवर मेलमधली जिफ हलत नाही, पहिली फ्रेम दिसते आणि तिथंच गोठते. म्हणून पहिली फ्रेम एकटी शोभेल अशी ठेवायची, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. नव्या पोरींना तोच शिकवायचा. इथे विसरला.

"तिथला कॉम्प्युटर जुना आहे गं."

"असं होय. मग पुढे मी हसते ना?"

"हो," तो म्हणाला.

दुपारी शाळेतल्या कोणीतरी मोबाइलवर मेल उघडून दाखवला. तिथे चित्र हललं. ताई उठली, पडली, उठली, पडली. हसली नाही. त्यानंतर ताईनं फोन उचलला नाही.

यावर एक उपाय होता, तोही पाच मिनिटांचा. चित्र मेलमध्ये नसतं, कंपनीच्या सर्व्हरवर असतं. त्याच नावानं दुसरं चित्र तिथे ठेवलं की गेलेला मेल पुन्हा उघडल्यावर नवंच दिसतं. पण मॅडम म्हणाल्या, "क्लिक वाढतायत, शुक्रवारपर्यंत हात लावायचा नाही." आणि यानं शुक्रवारपर्यंत हात लावला नाही. तीन दिवस ताई चाळीस हजार लोकांपुढे पडत राहिली.

शुक्रवारी त्यानं मोबाइलमधल्या मूळ व्हिडिओतून हसणाऱ्या ताईची एकच फ्रेम काढून चढवली. न हलणारी. मग शाळेच्या ऑफिसात फोन लावला. तिथे तिला उचलावाच लागला.

"ताई, तो मेल परत उघड ना."

"कशाला?"

"उघड तर. तू हसतेयस त्यात."

"मी तो त्याच दिवशी काढून टाकला."

"परत पाठवतो."

"नको. आईला उचलताना असंच तोंड व्हायचं माझं. तिला दिसू नये म्हणून मी भिंतीकडे वळवून घ्यायचे. तीन वर्षं तिला दिसू दिलं नाही रे."

"ताई, मी..."

"ती खुर्ची घेऊन जा तेवढी. जागा अडते."

शनिवारी तो गेला. दार बंद होतं. खुर्ची दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. आणताना दोन माणसांनी मिळून उचलून आणली होती, एवढी जड. फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत ओढल्याच्या दोन रेघा होत्या, मधे मधे थांबलेल्या.