नेहमीसारखा श्वास

पुण्याच्या दवाखान्यातल्या बाकावर मोहिनी बसत होती, उठत होती, पदर सारखा करून पुन्हा बसत होती.

"आगं, जरा बूड टेक की," सासूबाई बयाबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर मोहिनीची छोटी लेक राजनंदिनी झोपली होती.

टेकणार कसं? आज दम्याची तपासणी पुन्हा होती. मागच्या खेपेला काहीच निघालं नाही, आणि गावी, पासलीत, तेवढंच बोलायला पुरलं. "मशीन काय खोटं बोलतंय व्हय? राब भाजायच्या दिवसांतच बरा दम लागतो तुला," बयाबाई म्हणाल्या होत्या. परवा भाताचं रोप टाकायच्या खाचरात पालापाचोळा, शेणी रचून राब पेटायचा होता. गेल्या वर्षी त्या धुरात मोहिनी बांधावर वाकून बसली होती आणि लेक पदर ओढत म्हणत होती, "आई, बोल ना." वेल्ह्याच्या डॉक्टरांनी छातीतली शिट्टी ऐकली होती, म्हणून त्यांनी पुन्हा पुण्याला तपासणीला पाठवलं. आजही काही निघालं नाही तर परवा पुन्हा त्याच धुरात.

आत तपासणीवाल्या सुलक्षणाबाईंनी तोंडात नळी दिली. "ही औषधाची वाफ. श्वासनळ्या हळव्या असतील तर आखडतील. मग फुंकून मोजू."

मोहिनीनं छाती भरून वाफ ओढली. सुलक्षणाबाईंनी यंत्र थांबवलं.

"एवढा मोठा श्वास का घेताय?"

"दवाखान्यात मोठाच घेत्यात ना? छातीला नळी लावली की डॉक्टर तेच सांगत्यात."

"मागच्या वेळीही असाच?"

"व्हय. चांगला भरून."

सुलक्षणाबाईंनी नळी बाजूला ठेवली. "तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मोठ्या श्वासानं नळ्या ताणून मोकळ्या राहतात, मग थोडा दमा असेल तर तो दिसतच नाही. थोडं थांबून पहिल्यापासून करू. वाफ घेताना घरी निवांत बसल्यासारखा श्वास घ्या."

घरी निवांत ती कधी बसली होती? श्वास अडखळायला लागला. मग तिला लेकीला निजवणं आठवलं. पोर जागी होऊ नये म्हणून आपलाच श्वास आपोआप हलका होतो, तसा. तिनं डोळे मिटले.

वाफ वाढत गेली तशी छाती आवळली. फुंकताना शिट्टी वाजली. मोहिनी घाबरली, आणि घाबरता घाबरता तिला बरंही वाटलं. सुलक्षणाबाईंनी लगेच नळ्या मोकळ्या करणारा पंप दिला. "दमा आहे. औषध डॉक्टर सांगतील."

बयाबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"असं व्हतंय तुला?"

"व्हय, आत्या."

"मग आधी का न्हाई बोललीस?"

"बोलले व्हते."

बयाबाईंनी झोपलेली नात दुसऱ्या खांद्यावर घेतली. मोबाईल काढून मुलाला लावला. "दत्ता, राबाला हिच्याऐवजी रतनबाईला बोलाव. आन ह्या मायलेकींना उद्याच भोंगवलीला सोडून ये, तिच्या म्हायेरी. आरं, धूर घरात बी येतोय की." मग मोहिनीकडं वळून, "तू काय बघतीस? जा, औषध कसं घ्यायचं ते नीट इचारून घे."