ब्रेकवरचा पाय

शुक्रवारी संध्याकाळी राजनंदिनीनं गाडी लागोपाठ तिसऱ्यांदा गरकन फिरवली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "अगं, पाय काहून उचलून राहिलीस तू? काहून?" मी ओरडलो. तिनं स्टिअरिंगवर मूठ आपटली. "मला काय हौस हाय का, सर?"

मी रत्नपाल. हिंगोलीत ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. त्याआधी पुण्याकडं एका टायर कंपनीच्या ट्रॅकवर गाड्या मुद्दाम घसरवून बघायची नोकरी केली. लोकांना वाटतं, ड्रिफ्ट, म्हणजे वळणात गाडी आडवी घसरवत नेणं, हा नुसता धूर आणि माज. अहो, त्याच्याइतकं शिस्तीचं काम नाही. वळणात क्लचला झटका द्यायचा. मागची चाकं बाहेर सुटली की स्टिअरिंग उलट्या बाजूला जाऊ द्यायचं, जायचंय तिकडंच बघायचं आणि अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवायचा. तिथं पाय उचलून ब्रेकवर ठेवला की गाडीचं वजन पुढं येतं, मागची बाजू हलकी होते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. हे मी तिला दोन महिने सांगत होतो. तिला ते तोंडपाठ होतं, मला उलट समजावून सांगायची. वळण आलं की मात्र पाय ब्रेकवर.

रविवारी पुण्याला एका ड्रिफ्ट टीमची निवड होती. ड्रमांभोवती सलग एक फेरी आडव्या गाडीनं काढायची, गाडी फिरली की बाद. जागा एकच. राजनंदिनीनं त्यासाठी बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडला होता. "न्हाई जमलं तर क्लासला जाईन, परत गाडीचं नाव काढणार न्हाई," असा घरी शब्द देऊन बसली होती. पोरगी शब्दाची पक्की, हीच तर पंचाईत.

सरावाला आमच्याकडं शिरड शहापूरजवळच्या बंद पडलेल्या खडी क्रशरचं पटांगण होतं, त्यात मांडलेले रिकामे ड्रम होते, आणि सरकारी लिलावात घेतलेली माझी पांढरी अँबेसेडर. एकेकाळी साहेब लोकांना मिरवणारी गाडी मुरमावर आडवी पळताना बघून येणारे-जाणारे हसायचे. मला हसू येत नव्हतं.

चौथ्या वेळी मी रस्ता बघायचा सोडून तिचा पाय बघितला. वळण सुरू झालं आणि गाडीचं शेपूट सुटायच्या आधीच पाय ब्रेककडं निघाला. घाबरलेला पाय दचकतो. हा शांतपणे, ठरल्यासारखा गेला. गाडी फिरली. धूळ खाली बसल्यावर मी विचारलं,

"घरचा ट्रॅक्टर कवापासून चालवतीस?"

"सातवीत व्हते तवापासून."

मी कपाळावर हात मारला. ट्रॅक्टरचा वेग हाताच्या लिव्हरनं लावून ठेवतात. पाय मोकळाच असतो. नांगराचं तास संपलं, वळायचं आलं की त्या बाजूच्या चाकाचा वेगळा ब्रेक दाबायचा, ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. इतकी वर्षं तिचा पाय तेच करत आला होता आणि मी मूर्खासारखा तिची भीती घालवत बसलो होतो. आता कळून उपयोग काय? उद्या रात्री पुण्याची गाडी पकडायची होती. एवढ्यात पाय बदलायचा कसा?

तिचे वडील तातेराव तिला न्यायला मोटरसायकल घेऊन आले होते. खडीच्या ढिगाशी उभे राहून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणतील, चला घरी, झालं तुमचं. ते गाडीपाशी आले.

"ती सवय मी लावली, सर," ते म्हणाले. "धुऱ्याला, शेताच्या कडंला, आमची विहीर हाय, कठडा नसलेली. पयल्याच वर्षी वळताना हिचं पुढचं एक चाक आत लोंबकळलं. तवापासून वळण आलं की मी बांधावरून बोंबलायचो, ब्रेक दाब, ब्रेक दाब. लेकरू झोपंतबी पाय दाबायचं."

एवढा वेळ जमवलेला राग कुणावर काढायचा ते कळेना. तातेरावांनी माझ्या बाजूचं दार उघडलं.

"तुमी मागं बसा. मी बसतो हिच्या शेजारी."

"तातेराव, गाडी गरकन फिरती. तकलीफ होईल तुमाला."

"फिरू द्या."

राजनंदिनीनं गाडी वेगात आणली. ड्रम आला. क्लचचा झटका बसला, शेपूट सुटलं आणि तिचा पाय उचलला गेला.

"हितं विहीर न्हाई, माय," तातेराव म्हणाले. "पळव."

पाय मधेच थांबला. मग परत अ‍ॅक्सिलरेटरवर आला. गाडी आडवी झाली आणि तशीच राहिली. खालून मुरूम तडतडत होता, स्टिअरिंग तिच्या तळव्यांतून सरकत होतं. एक फेरी झाली. "झालं, झालं!" मी मागून ओरडलो, पण ती थांबेना. दुसरी फेरी सुरू झाली. तातेरावांचं एकच चाललं होतं, "न्हाई विहीर. पळव. न्हाई विहीर."

मी पुढं वाकून त्यांच्याकडं बघितलं. दोन्ही हातांनी दाराची कडी धरून ते डोळे गच्च मिटून बसले होते.