देवळं राहू देत, डॉक्टर दाखव

निखिलच्या कंपनीने पाठवलेल्या माहितीपुस्तिकेत सगळं होतं. समुद्रात उभी असलेली लाल कमान, टेकडीवरचं पाच मजली देऊळ, कोळ्यांच्या देवाचं ठाणं, जुना दीपस्तंभ. हॉस्पिटलबद्दल एकच ओळ: शहरात रुग्णालय उपलब्ध आहे.

जपानच्या किनाऱ्यावरचं छोटं शहर, तिथे जहाजदुरुस्तीची गोदी आणि निखिलला तीन वर्षांसाठी मॅनेजरची पोस्ट. हो म्हणायच्या आधी कंपनीने त्याला आठवडाभर बघायला पाठवलं. मी आणि आमची केया इथेच, आखातात, अल मनखूलच्या घरात.

जाताना मी त्याला एकच काम सांगितलं होतं. "मुलांचा डॉक्टर कुठे आहे आणि रात्री असतो का, ते बघून ये. बाकी काही नाही बघितलंस तरी चालेल."

केया चार वर्षांची आहे. ताप भरकन चढला की तिला झटका येतो. दोनदा आलाय. मोठी झाली की जाईल, इन्शाल्ला, असं सगळे म्हणतात. तोवर दाराशी एक बॅग भरलेली असते आणि आमच्या बिल्डिंगखाली रात्रभर उघडं असणारं क्लिनिक आहे. मला झोप लागते ती त्या क्लिनिकच्या हिरव्या पाटीमुळे.

पहिला व्हिडिओ कॉल कमानीसमोरून आला. "वैभवी, बघ ना! भरतीला हिचे पाय पाण्यात जातात."

"छान. डॉक्टर?"

"अगं, आज ऑफिसवाले फिरवतायत. उद्या."

दुसऱ्या दिवशी टेकडीवरचं देऊळ. दाराशी दगडी कुंड, त्यावर बांबूच्या पळ्या. "हात धुऊन आत जायचं, आपल्यासारखंच," तो खूश होऊन म्हणाला.

"निखिल, हॉस्पिटल."

"दिसलं गाडीतून. मोठं आहे."

"आत मुलांचा डॉक्टर आहे?"

"असेलच ना!"

असेलच ना. हा माणूस क्रेनचा एक बोल्ट असेलच म्हणून सोडत नाही, तीनतीनदा तपासतो. पोरीच्या बाबतीत मात्र असेलच. मी फोन ठेवला आणि भांडी इतक्या जोरात घासली की केया येऊन म्हणाली, "मम्मा, टू लाउड."

त्यानंतर दीपस्तंभ झाला. मग कोळ्यांचा देव झाला. सासूबाई ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकत होत्या. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन. एका छोट्या देवळामागे दगडी मूर्ती ओळीने बसलेल्या, गुडघ्याएवढ्या, प्रत्येकीच्या गळ्यात लाल लाळेरं.

केयाने फोन ओढून घेतला. "बाबा, व्हाय आर दे वेअरिंग बिब्स?"

"हे लहान मुलांना सांभाळणारे देव आहेत, केयू."

"आर दे सिक?"

त्याच्या खांद्यामागे एक बाई वाकून एका मूर्तीला नवं लाळेरं बांधत होती. शेजारी बाबागाडी.

"निखिल, मागे बघ. तिला विचार."

"काय विचारू? अनोळखी बाई आहे. बरं दिसतं का?"

"ऑफिसचा दुसरा फोन आहे ना, त्यावर भाषांतर करून विचार. रात्री मूल आजारी पडलं तर कुठे नेता? यल्ला, लवकर, ती जाईल!"

त्याने ओशाळून, वाकून विचारलं. ती बाई गाडी हलवत हलवत बरंच बोलली. निखिल स्क्रीनवरचं वाचायला लागला आणि त्याचा आवाज खाली खाली गेला. "इथल्या हॉस्पिटलमध्ये मुलांचे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात. रात्री पलीकडच्या शहरात जावं लागतं. बोगद्यातून, चाळीस मिनिटं. नवरा बोटीवर असतो, म्हणून ती स्वतः गाडी चालवते."

मी इथे ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास झालेय. ते त्यालाही आठवलं असणार.

तरी म्हणालाच, "चाळीस मिनिटं तर ट्रॅफिकमध्ये अल बर्शाला जायलाही लागतात."

"दुसऱ्या झटक्याच्या वेळी तू कुठे होतास?"

"साइटवर. उम्म अल कुवैनला."

"आणि मी तिला उचलून लिफ्टने खाली गेले. लिफ्टने, निखिल. तिथे मी कशाने जाऊ?"

मागे ती बाई बाबागाडी ढकलत निघून गेली. निखिलने वळून त्या मूर्तींकडे बघितलं.

"खलास," तो म्हणाला. "'नाही' म्हणून कळवतो."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण 'वैभवीमुळे राहिलं' हे वाक्य मला आत्तापासूनच ऐकू येत होतं. सासूबाईंच्या आवाजात, त्याच्या मित्रांच्या आवाजात, आणि एखाद्या भांडणात त्याच्याही.

परत आल्यावर तो मेल लिहायला बसला. मी मागे उभी राहिले. त्याने लिहिलं होतं: फॅमिली रीझन्समुळे शक्य नाही.

"खोड ते."

"अगं, असंच लिहितात."

"फॅमिली म्हणजे मी. खोड. लिही, मुलांचा डॉक्टर रात्री चाळीस मिनिटांवर आहे आणि तुमच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं नाही."

"उद्धट वाटेल."

"वाटू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे. आणि खोडलं.