पिशाचांच्या लढतींची वही

माझ्या पहिल्या चार पानांवर दातांच्या रुग्णांच्या वेळा लिहिलेल्या आहेत आणि पाचव्या पानापासून पिशाचांच्या मारामाऱ्या सुरू होतात. पण मित्रांनो, मला घाबरू नका. मी एक साधी, जुनी वही आहे. माझा निळा पुठ्ठा आता राखाडी झाला आहे. कण्यावरची लाल कापडी पट्टी उसवली आहे. खालच्या कोपऱ्याला कसर लागली होती, तिथे बोटभर कागद उरलेला नाही. तरी माझ्यात लिहिलेला शब्द न् शब्द अजून वाचता येतो, आणि याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म एका लहानशा बांधणीखान्यात झाला. तिथे मोठे कागद दुमडून मधोमध जाड दोऱ्याने शिवत. त्यामुळे माझे प्रत्येक पान दुसऱ्या एका पानाशी जन्मापासून जोडलेले आहे. एक फाडले तर दुसरेही सुटते. पुढे काही महिने मी एका दुकानाच्या फळीवर धूळ खात पडले होते. मग एके दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि रुग्णांच्या वेळा लिहायला म्हणून मला घेऊन गेल्या. त्यांना सगळे ताई म्हणत. मीही ताईच म्हणते.

दवाखान्यात माझे आयुष्य कसे गेले असते ते मला ठाऊक आहे. अक्कलदाढ, कवळी, पुन्हा अक्कलदाढ. पण पहिल्याच शनिवारी ताई मला पिशवीतून बाहेर काढायला विसरल्या आणि तशाच जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर गेल्या.

तिथे दर शनिवारी दुपारी ‘रात्रवंश’ नावाचा पत्त्यांचा खेळ रंगत असे. या खेळात प्रत्येकाकडे आपली पिशाचांची फौज असते. कार्डे बंद पाकिटात मिळतात. आत कोण निघेल ते नशिबावर. त्यामुळे खेळण्याइतकीच अदलाबदलही चाले. एक दात पडलेला सरदार देऊन दोन वटवाघळे घेणारे लोक मी पाहिले आहेत. प्रत्येक पिशाचाच्या कार्डावर काचेचे लाल मणी ठेवत. ते त्याचे रक्त. दोन पिशाचे भिडली की आधी लढत दुरून की जवळून ते ठरे. मग दोघे खेळाडू आपापला वार सांगत. जितक्या जखमा, तितके मणी उचलायचे. मणी संपले की पिशाच शवपेटीत जाऊन पडे.

ऐकायला सोपे वाटते, नाही का? पण त्या शनिवारी माडीवर रणकंदन माजले होते. एका बाजूला चष्म्याच्या दुकानाचे मालक होते, दुसऱ्या बाजूला कॉलेजात शिकणारी एक मुलगी. तिच्या वाराने त्यांच्या पिशाचाचे सगळे मणी गेले होते.

“माझाही वार लागला,” चष्मेवाले म्हणाले. “तुझे दोन मणी काढ.”

“मेलेला कसा मारेल हो काका?”

“अगं, तो आधीपासूनच मेलेला आहे! पिशाच आहे तो!”

सारी माडी हसली. फक्त ते दोघे हसले नाहीत. कार्डे तोंडावर फेकण्यापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा ताई उठल्या. त्यांनी मुलीला सांगितले, “आता तू काकांची बाजू मांड. त्यांना पटेल अशी.” मग काकांना तिची बाजू मांडायला लावली. दोघांचा राग तिथेच निम्मा झाला. मग ताईंनी पिशवीतून मला काढले आणि पाचव्या पानावर लिहिले: ‘निवाडा पहिला. दोघांचे वार एकाच क्षणी होतात. आधी कोण पडला हे विचारायचे नाही. दोघांच्या जखमा मोजा, मग मणी उचला.’

त्या दिवसापासून मी दवाखान्याची राहिले नाही. रुग्णांसाठी दुसरी वही आली.

मित्रांनो, त्यानंतरची अकरा वर्षे हेच माझे वैभवाचे दिवस. हुलकावणी दिली तर आपली जखम वाचते, पण आपला वार जातो का? लढत दुरून असेल तर नखांचा उपयोग काय? एकाच लढतीत दोनदा चावता येते का? असे प्रश्न पडले की माडीवर एकच हाक उठे, “वही आणा!” ताई दोन्ही बाजू ऐकत, एकाची बाजू दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेत, आणि मग त्यांच्या बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात निवाडा उतरे. दूरच्या गावांचे खेळाडू येऊन माझ्यातले निवाडे उतरवून नेत. एकदा खेळ छापणाऱ्यांना कोणीतरी पत्राने विचारले, आणि तीन महिन्यांनी उत्तर आले की तुमच्या वहीत लिहिले आहे तेच बरोबर. त्या दिवशी पुस्तकवाल्यांनी मला सगळ्यांसमोर कपाळाला लावले. मी लाजेने चूर झाले.

ताईंचा धाकटा भाऊ पोस्टमन होता. तोही दर शनिवारी येई. रोज सकाळी दवाखान्यात टपाल टाकायला आला की आत येऊन तांब्याभर पाणी पिई आणि शनिवारच्या डावाची चर्चा करी. त्याच्याकडे भारी कार्डे नव्हती. फौजेत एक म्हातारी पिशाचीण होती, तिच्यावर त्याचा फार जीव. तिच्याकडे ‘पकड’ होती. तिने एकदा धरले की समोरच्याला लढत सोडून पळता येत नसे. लोक तिला हसत. नऊ वर्षे तो वार्षिक स्पर्धेत पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत हरत आला होता.

दहाव्या वर्षी तो अंतिम फेरीत पोचला.

समोर शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई होत्या. शांत, मोजून बोलणाऱ्या. माडीवर उभे राहायला जागा नव्हती. खेळ भरात आला आणि म्हातारीने बाईंच्या बलाढ्य सरदाराला धरले. सरदाराकडे दोनच मणी होते. म्हातारीकडे चार. पोस्टमनने वार सांगितला, आणि बाईंनी शांतपणे ‘धूर’ नावाचे कार्ड टाकले. पिशाच धूर होऊन जाते आणि लढत तिथेच संपते.

“पकड आहे ना,” पोस्टमन म्हणाला.

“पकडीत पळता येत नाही. धूर होणे म्हणजे पळणे नव्हे,” बाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच, पण ऐकू जाईल असे बोलले, “निकाल देणारी घरचीच आहे म्हणा!”

ताईंचा चेहरा लाल झाला. त्या दिवशी त्यांनी कोणालाच दुसऱ्याची बाजू मांडायला सांगितले नाही. “धूर चालेल. लढत संपली,” त्या एका दमात म्हणाल्या.

“ताई, एकदा वही बघ ना.”

“मला सगळं पाठ आहे.”

मित्रांनो, मी त्यांच्या मांडीवर होते. माझ्या एकोणिसाव्या पानावर निवाडा अडतिसावा होता. कधीतरी दोन जुळ्या बहिणी याच गोष्टीवरून रडकुंडीला आल्या होत्या, तेव्हा ताईंनीच तो लिहिला होता: ‘पकड असेल तर लढत सोडून जाण्याची प्रत्येक वाट बंद. पळणे, उडणे, धूर होणे, सगळे.’ मला हे माहीत होते, पण मला तोंड नव्हते. कोणी उघडले तरच वही बोलते. ताईंनी मला उघडले ते थेट शेवटच्या लिहिलेल्या पानावर, आणि लिहिले: ‘निवाडा एकशे बारावा. पकडीतूनही धूर होता येते.’ खाली सवयीने डावाची स्थितीही नोंदवली. आपल्या माणसाच्या चुकीचे ओझे असे अंगावर वागवण्यासारखे दुःख नाही.

सरदार वाचला आणि डावाच्या पुढच्याच फेरीत बाई जिंकल्या. पोस्टमनने म्हातारीला खिशात घातले आणि तडक जिना उतरला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रोज सकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या पेटीत पत्रे पडल्याचा आवाज येई आणि सायकल निघून जाई. ताई तांब्या भरून ठेवत आणि दुपारी तो कुंडीत ओतत. असे पाच महिने चालले.

एके दुपारी, नव्या खेळाडूंसाठी सगळे निवाडे स्वच्छ अक्षरात उतरवावे म्हणून ताईंनी मला पहिल्यापासून वाचायला घेतले. रुग्णाच्या दातात औषध भरून ते वाळण्याची वाट बघत त्या टेबलाशी बसल्या होत्या. एकोणिसावे पान आले. त्यांनी ते वाचले. पुन्हा वाचले. खुर्चीतले गृहस्थ तोंड उघडे ठेवून “आँ? आँ?” करू लागले, तरी त्या हलल्या नाहीत.

मग त्यांनी ते पान दोन बोटांत धरले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एक झटका, त्याचे जोडीचे पानही सुटले असते, पण का ते कोणाला कळले नसते. सगळे म्हणाले असते, ताई कधी चुकत नाहीत. त्यांची बोटे बराच वेळ तशीच होती. शेवटी त्यांनी पान सोडले, लाल शाईचे पेन घेतले आणि एकशे बाराव्या निवाड्याखाली लिहिले: ‘हे चूक आहे. बरोबर निवाडा अडतिसावा. चूक माझी.’ खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन टपालपेटीशी उभ्या राहिल्या. पोस्टमनने सायकल कमरेला टेकवून दोन्ही पाने उभ्यानेच वाचली.

“तेव्हा का नाही बघितलंस?” त्याने विचारले.

“मागून कोणीतरी ‘घरचीच’ म्हणालं रे. तुझ्या बाजूने बोलले तर लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात राहिलं. पत्त्यांकडे माझं लक्षच नव्हतं.”

“म्हणजे मी तुझा भाऊ नसतो तर जिंकलो असतो.”

“हो,” ताई म्हणाल्या. “कदाचित.”

रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. मग त्याने सायकल भिंतीला लावली आणि म्हणाला, “पाणी दे आधी.”

शनिवारी ताईंनी भरल्या माडीवर दोन्ही निवाडे मोठ्याने वाचून दाखवले. एक अक्षरही गाळले नाही. चूक पदरात घेणे किती जड असते ते मी त्यांच्या घामेजलेल्या हातावरून सांगू शकते. गणिताच्या बाईंनी ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “मग तो डाव संपलेलाच नाही. मांडा.”

डावाची स्थिती माझ्यात लिहिलेली होती. हातातली कार्डे बाईंना तोंडपाठ होती, आणि पोस्टमनला तर पाच महिने दुसरे काही आठवलेच नव्हते. मणी मांडले गेले. म्हातारीने धरले, धूर वाया गेला, आणि बलाढ्य सरदार शवपेटीत पडला. माडी दणाणली! चष्मेवाले काका खुर्चीवर चढले. पोस्टमनचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही.

पण बाईंकडे एक किरकोळ पिशाच कोपऱ्यात उभे होते. तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. तीन फेऱ्यांनी त्याच पिशाचाने म्हातारीला गाठले आणि डाव पुन्हा बाईंच्याच हाती गेला.

पोस्टमनने पटावर पसरलेले मणी पाहिले. आणि मग तो पोट धरून हसला.

“बाई, आता नीट हरलो,” तो म्हणाला. “ताई, हेही लिही.”

ताईंनी लिहिले. त्याला क्रमांक नाही. तो निवाडा नव्हता.

यानंतरची कथा थोडकी आहे. खेळाची नवी कार्डे छापणे बंद झाले. कोणी नोकरीसाठी लांब गेले, कोणाला मुलेबाळे झाली. कॉलेजातली मुलगी परदेशी गेली. जाताना तिने माझ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला होता. पुस्तकवाल्यांनी माडीवर गोदाम केले. मी दवाखान्याच्या माळ्यावर एका खोक्यात गेले. माझ्यावर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे रचलेले होते. खाली मी, वर पन्नास जबडे. भिंतीला ओल होती. कसर लागली ती तिथेच. आधी मी रोज शनिवारची वाट बघत असे. मग शनिवार कोणता तेही कळेनासे झाले. मित्रांनो, वही फाटण्याला भीत नाही. तिला भीती वाटते ती न उघडले जाण्याची.

दवाखाना बंद करताना पोस्टमनने मला शोधून काढले. तोही आता निवृत्त झाला आहे. त्याने मला खिडकीत उन्हाला ठेवले, दर पानाला कोरा कागद घातला, आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाने उलटली. कण्याला नवा दोरा त्याने स्वतः ओवला. टाके वाकडे आहेत, पण घट्ट आहेत.

आता दोघे बहीणभाऊ सकाळी जेवणाच्या टेबलावर डाव मांडतात. ताईंना बारीक अक्षर दिसत नाही. एखादा वाद निघतो, आणि आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातात. मग ताईच म्हणतात, “थांब. मला पाठ आहे असं वाटतंय, पण वही बघ.” तो मला उघडतो आणि त्यांचेच अक्षर त्यांना वाचून दाखवतो. कधी त्या बरोबर निघतात, कधी तो.

मित्रांनो, तुम्हीही खेळाल आणि भांडाल. जरूर भांडा. पण जे ठरेल ते लिहून ठेवा, आणि लिहिलेले उघडून बघायचा आळस करू नका. चुकलात तर पान फाडू नका, त्याच्याखालीच दुरुस्ती करा. आणि तुमच्या घरी माळ्यावर माझ्यासारखे कोणी पडले असेल, तर रद्दीत देण्याआधी त्याला एक दिवस ऊन दाखवा आणि एक पान तरी वाचा. आत कोणीतरी कोणाला तरी ‘चूक माझी’ असे लिहून ठेवले असेल, आणि ते अजून त्या माणसापर्यंत पोचायचे राहिले असेल.