बावन्नावी फुली

आर्लिसने नवऱ्याच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. मांसात पडलेला खळगा तसाच राहिला. काल निदान हळूहळू भरून तरी येत होता.

"आज कितवा?" व्हर्लिनने आरामखुर्चीतून विचारलं. रविवारपासून त्याला आडवं होता येत नव्हतं. बसल्या बसल्याच डोळा लागायचा, आणि बोलताना मधेच दम लागायचा.

"बावन्नावा." तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल फुली मारली. "आठच राहिले."

"आठ ना? एका पायावर... काढीन."

"एक तरी पाय धड आहे का तुझा?" ती म्हणाली, पण तिला हसू आलं नाही.

तिची भीतीने गाळण उडाली होती. व्हर्लिनचा खुबा मोडला, तेव्हा मेडिकेअरने, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी विम्याने, शुश्रूषागृहाच्या शंभर दिवसांचे पैसे दिले होते. ते दिवस सगळे संपले. इस्पितळ नाही, शुश्रूषागृहातले उपचार नाहीत, असे सलग साठ दिवस गेले, की पुढच्या आजारपणाला नवे शंभर. त्याआधी भरती झाला तर जुनाच संपलेला हिशेब पुढे चालू, आणि नंतर त्याला शुश्रूषागृहात ठेवायचं म्हणजे हे घर विकायचं. इकडे आड, तिकडे विहीर. हे सगळं तिने पुस्तिका वाचून एकटीनेच ठरवलं होतं. कुणाला विचारायचं म्हणजे त्या माणसाला त्रास, अशी गावाची रीत.

पण तो खळगा काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. स्वयंपाकघरात जाऊन तिने शुश्रूषागृहाच्या कचेरीत फोन लावला. तिथली डोरीन चर्चमधली, ओळखीची.

"साठाच्या आत एखादाच दिवस इस्पितळात गेलं, तर मोजणी मोडते का गं?"

"मोडते की. पण तू मोजतेस कुठून?"

"घरी आणलं तिथून."

"अगं बाई, उपचार थांबले तिथून मोजायचं. तुमच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधून होईपर्यंत तो अकरा दिवस इथे नुसता राहायला-जेवायला होता. तेही धरायचे." कागद चाळल्याचा आवाज आला. "तुझे साठ शनिवारीच भरले. आधी विचारायचंस ना."

आज मंगळवार. डोरीन पुढे काय बोलली, ते तिला ऐकूच आलं नाही. तिने फोन ठेवला, पुन्हा उचलला आणि रुग्णवाहिका बोलावली.

दहा मिनिटांत गाडी आली. तिच्यातल्या बाईने व्हर्लिनच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला, घोटा दाबून पाहिला आणि मान वर केली.

"हे कधीपासून?"

आर्लिसची नजर कॅलेंडरवर गेली.

व्हर्लिनने ती नजर पाहिली. त्याने मुखवटा बाजूला सारला.

"आज सकाळपासून," तो म्हणाला. "हिला मी... आत्ताच सांगितलं."

आर्लिसने मुखवटा परत त्याच्या तोंडावर बसवला आणि हात तिथेच धरून ठेवला.

"रविवारपासून," ती त्या बाईला म्हणाली. "मला माहीत होतं. रविवारपासून लिही."